प्रकाशालाही मात्रा असते

बाळ जन्माला आले आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते पिवळसर दिसू लागले, की घरातल्या नानी-दादीचा सल्ला ठरलेला असतो : "कोवळ्या उन्हात धरा, उतरेल." कंबर धरून बसलेल्या सुनेलाही तेच सांगितले जाते, "सकाळच्या उन्हात बसत जा जरा." एखाद्या मुलीच्या ओठाजवळ पांढरा डाग दिसला, तर कुणीतरी नातेवाईक बावचीचे तेल आणून देतात आणि म्हणतात, "हे लावून उन्हात बसवा." प्रकाशाने माणूस बरा होतो, हे आपल्या घरांना कुणी नव्याने शिकवायला नको. ते आपल्याला पिढ्यानपिढ्या माहीत आहे.

हा सल्ला सगळा चुकीचा नाही, पण सगळा बरोबरही नाही. डॉक्टर किंवा हकीमसाहेब गोळी देतात तेव्हा कोणती गोळी, किती, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस हे सांगतात. प्रकाशाचेही तसेच आहे. कोणत्या रंगाचा प्रकाश, किती तीव्र, किती वेळ आणि किती दिवस, यावर तो औषध ठरतो की निरुपयोगी की अपायकारक, हे अवलंबून असते. प्रकाशालाही मात्रा असते. ही एक गोष्ट घराघरांत पोचली, तर काही बाळांचे कान आणि मेंदू वाचतील. म्हणून हा लेख.

उसाच्या पानात काय घडते?

प्रकाश पेशीवर कसे काम करतो हे समजून घ्यायला वालचंदनगर, इंदापूर, बारामतीच्या माणसाला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. नीरा नदीच्या आणि कालव्याच्या पाण्यावर उभा असलेला ऊस पाहिला तरी पुरे. शेठ वालचंद हिराचंद यांनी या माळरानावर साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती गाव वसले. पण साखर कारखान्यात तयार होत नाही. कारखाना ती फक्त रसातून वेगळी करतो. साखर तयार होते उसाच्या पानात, आणि ती तयार करण्याची ताकद येते उन्हातून.

पानाच्या पेशीत हरितद्रव्याचे कण असतात. हे द्रव्य उन्हातला लाल आणि निळा प्रकाश शोषून घेते आणि हिरवा बराचसा परत पाठवते. म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. शोषलेल्या प्रकाशाच्या ताकदीवर पेशी पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून साखर बनवते. ऊस या कामात इतर बऱ्याच पिकांपेक्षा पुढे आहे. त्याची खास पद्धत हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात उलगडली, तीही उसाच्याच पानांवर काम करून. आपल्याकडे शेतकरी ज्याला नुसते 'शहाऐंशी-बत्तीस' म्हणतात, त्या को ८६०३२ वाणाचे दुसरे नाव 'नीरा' आहे, हेही जाता जाता सांगायला हवे.

या पानातून एक नियम शिकण्यासारखा आहे. पेशीतले एखादे द्रव्य जो प्रकाश शोषून घेते, तोच प्रकाश तिथे काम करतो. जो शोषला जात नाही तो कितीही झगझगीत असला तरी त्या द्रव्याच्या दृष्टीने वाया जातो. माणसाच्या पेशीत हरितद्रव्य नसते, पण प्रकाश शोषणारी इतर द्रव्ये असतात. कुणाला निळा लागतो, कुणाला डोळ्यांना न दिसणारा अतिनील, कुणाला लाल. पुढची सगळी उपचारपद्धती या एका नियमावर उभी आहे.

पिवळे बाळ आणि निळा दिवा

१९५६ सालचा उन्हाळा. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका होत्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मोकळी हवा मिळावी म्हणून त्या चांगले ऊन पडले की बाळांना अंगणात नेत. एक दिवस डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी त्यांनी एका बाळाचे कपडे सैल करून दाखवले. बाळाचे अंग फिकट झाले होते, फक्त एक त्रिकोणी तुकडा गडद पिवळा राहिला होता. त्या जागेवर चादरीचे टोक आले होते. म्हणजे जिथे ऊन लागले तिथली कावीळ उतरली आणि जिथे सावली राहिली तिथली तशीच राहिली. पुढे तिथेच असे आढळले की, काविळीच्या बाळाच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात राहिली तर त्यातले पिवळे द्रव्य कमी भरते. डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग करून दिव्यांचा पाळणा तयार केला आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगभरच्या रुग्णालयांत निळ्या दिव्याखाली बाळे झोपवली जातात, त्याची सुरुवात एका परिचारिकेच्या नजरेतून झाली.

आता हे घडते कसे ते पाहू. शरीरातल्या तांबड्या पेशी जुन्या होऊन फुटतात तेव्हा त्यातून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. मोठ्या माणसाचे यकृत ते पित्तातून बाहेर टाकते. नवजात बाळात तांबड्या पेशी जास्त फुटतात आणि यकृत अजून कामाला पुरते लागलेले नसते. म्हणून बिलिरुबिन साठते आणि बाळ पिवळे दिसते. बहुतेक बाळांत ही कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, पुढचे काही दिवस वाढते आणि आठवडा-दोन आठवड्यांत उतरते.

बिलिरुबिन पिवळे दिसते, कारण ते निळा प्रकाश शोषून घेते. म्हणून दिवा निळा. सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा निळा प्रकाश कातडीतून आत गेला, की बिलिरुबिनच्या रेणूला पीळ बसतो आणि त्याचा आकार बदलतो. आधी ते पाण्यात विरघळत नव्हते, आता विरघळते. यकृताच्या मदतीची वाट न पाहता ते पित्तातून आणि लघवीतून बाहेर पडू लागते. औषधाचा एक थेंबही न देता, नुसत्या प्रकाशाने. ही सोय नव्हती तेव्हा कावीळ फार वाढलेल्या बाळाचे रक्त बदलणे हाच मुख्य उपाय होता. तो आजही कधी कधी करावा लागतो, पण दिव्यामुळे तशी वेळ फार कमी बाळांवर येते.

"बाळाला काचेत ठेवले" म्हटले की घरात काळजीचे वातावरण पसरते. 'लाइटने बाळ भाजेल', 'काळे पडेल', 'डोळे जातील' असे बोलले जाते. या दिव्यातून अतिनील किरण सोडले जात नाहीत, त्यामुळे भाजण्याची भीती नको. डोळ्यांवर पट्टी बांधतात ती प्रखर उजेडापासून जपण्यासाठी. बाळाला पातळ शी होऊ शकते, अंगावर हलके पुरळ येऊ शकते, आणि अंगातले पाणी थोडे जास्त कमी होते. म्हणून अम्मीने दर दोन-तीन तासांनी दूध पाजत राहणे हा त्या उपचाराचाच भाग आहे. दूध पोटात गेले की शी होते, आणि शीबरोबर बिलिरुबिन बाहेर जाते.

मग कोवळे ऊन का पुरत नाही?

उन्हातही निळा प्रकाश असतोच. रॉचफर्डच्या बाळाचे अंग उन्हानेच उजळले होते. मग घरी उन्हात धरले तर काय बिघडले?

बिघडते ते मात्रेत. रुग्णालयात बाळ जवळजवळ उघडे असते, दिवा ठरावीक अंतरावर असतो, त्याची तीव्रता यंत्राने मोजता येते, आणि दूध पाजण्याची वेळ सोडली तर तासन्‌तास प्रकाश चालू असतो. घरी आपण दुपट्यात गुंडाळलेले, टोपी घातलेले बाळ दहा मिनिटे दारात घेऊन बसतो. तोंडावर ऊन येते, तेवढेच. ऊन वाढवावे तर बाळ तापते, नाहीतर गारठ्यात उघडे ठेवले तर थंड पडते, आणि उन्हातले अतिनील किरण नाजूक कातडीला लागतात ते वेगळेच.

नायजेरियात मात्र उन्हाचा उपचार नीट मोजून करून पाहिला गेला. अतिनील किरण आणि उष्णता अडवणारी खास फिल्म लावलेल्या मांडवाखाली बाळांना तासन्‌तास ठेवले, परिचारिकांनी ताप आणि रक्त तपासत राहून लक्ष ठेवले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गाळलेल्या उन्हाचा उपचार ९३ टक्के दिवशी परिणामकारक ठरला, नेहमीच्या दिव्यांचा ९० टक्के दिवशी. म्हणजे ऊन काम करते, पण मोजून, गाळून आणि देखरेखीखाली. दारातले दहा मिनिटांचे ऊन म्हणजे तो उपचार नव्हे.

खरा धोका उन्हाचा नाही, उन्हावर विसंबून गेलेल्या दिवसांचा आहे. बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत शिरते. त्यातून कायमचा बहिरेपणा येऊ शकतो, हातपाय वेडेवाकडे आखडू शकतात, बाळ दगावूही शकते. एकदा मेंदूला इजा झाली की निळा दिवाही ती भरून काढू शकत नाही.

आपल्या घरांत उशीर होण्याचे आणखी एक साधे कारण आहे. बाळंतिणीची खोली. चाळीस दिवस वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले, वर एखादा पिवळा बल्ब. अशा उजेडात पिवळेपणा दिसतच नाही. त्यात बाळाला हळद-बेसनाचे उटणे लावलेले असले तर विचारूच नका. जपण्याच्या हेतूने केलेला अंधारच मग आजार लपवतो. पहिले आठ दिवस रोज एकदा बाळाला खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात घ्यावे, कपाळावर, छातीवर आणि तळपायावर बोटाने हलके दाबून सोडावे आणि उमटलेला रंग पाहावा. खिडकीचा हा उजेड उपचारासाठी नसून ओळखण्यासाठी आहे, एवढे लक्षात ठेवावे. सावळ्या बाळांत कातडीचा रंग फसवू शकतो, म्हणून डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्याही पाहाव्यात. शंका आली तर रक्ताची तपासणी हाच निवाडा.

पुढीलपैकी काहीही दिसले तर सकाळच्या उन्हाची वाट न पाहता बाळाला दवाखान्यात न्यावे :

– जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला.
– हातापायांचे तळवे पिवळे झाले.
– बाळ सुस्त झाले, दूध ओढेना, किंवा चिरक्या आवाजात सतत रडू लागले.
– बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे आहे आणि पिवळे दिसते.
– आईचा रक्तगट निगेटिव्ह आहे, किंवा आधीच्या बाळाला काविळीसाठी उपचार लागले होते.
– चौदा दिवसांनंतरही कावीळ उतरली नाही, लघवी गडद पिवळी आणि शी पांढुरकी होते. ही पित्तनलिकेच्या अडथळ्याची खूण असू शकते. त्यावर शस्त्रक्रिया लवकर, शक्यतो दोन महिन्यांच्या आत झाली तर उपयोग जास्त होतो.

आणखी एक घरगुती गोष्ट. पेटीत ठेवलेले लहान मुलांचे कपडे, दुपटी, शाल डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट बाळाला गुंडाळू नयेत. काही बाळांत जी-६-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते. अशा बाळांत या गोळ्यांच्या वाफेने तांबड्या पेशी झपाट्याने फुटतात आणि कावीळ एकदम चढते. कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच वापरावेत.

खर्चाच्या भीतीने थांबू नये. २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. एका वर्षापर्यंतच्या बाळांनाही पुढे तो लाभ मिळाला. वालचंदनगरकरांना बारामती जवळ आहे, तिथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

हाडांसाठी कोणते ऊन?

आता सुनेच्या कंबरदुखीकडे वळू. इथे कामाला येतो तो उन्हातला अतिनील 'बी' प्रकाश. कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचे एक द्रव्य असते. ते हा प्रकाश शोषते आणि त्याचे रूपांतर 'ड' जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपात होते. आतड्यातून कॅल्शियम अंगात ओढून घ्यायला हे जीवनसत्त्व लागते.

अडचण अशी की, कोवळ्या उन्हात हा प्रकाश जवळजवळ नसतोच. सूर्य खाली असताना किरणांना हवेच्या जाड थरातून यावे लागते आणि अतिनील 'बी' वाटेतच अडतो. खिडकीची काचही तो अडवते. खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाच्या उन्हात 'ड' जीवनसत्त्व तयार होते. म्हणजे साधारण सकाळी दहा-अकरा ते दुपारी तीनपर्यंत.

'आपल्याकडे ऊन मुबलक, मग ही कमतरता कशी?' हा प्रश्न रास्त आहे. पुण्यात जहांगीर रुग्णालयातील डॉ. अनुराधा खाडिलकर आणि डॉ. वामन खाडिलकर यांच्या संशोधक गटाने गरीब घरांतील किशोरवयीन मुलींचा अभ्यास केला. त्यांत 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आणि आहारात कॅल्शियमची चणचण, दोन्ही एकत्र आढळल्या. ऊन गावावर पडते म्हणून ते कातडीवर पडतेच असे नाही. दिवसभर घरात, वर्गात किंवा शिलाई मशीनवर असलेल्या मुलीला ते मिळत नाही. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो, आणि अंगभर कपडे असले की उघडी जागा कमी उरते.

यावर पडदा सोडण्याचा सल्ला देण्याची गरज नाही. घराची गच्ची, मागचे अंगण, आडोशाचा ओटा ही आपली जागा आहे. घरच्याच बायका-मुली असताना हात कोपरांपर्यंत आणि पाय पोटऱ्यांपर्यंत उघडे ठेवून, आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा तास धान्य निवडत बसले तरी काम होते. चैत्र-वैशाखात इंदापूरचे ऊन भाजून काढते, तेव्हा वेळ कमी करावा. जोडीला दूध, दही, नाचणी, तीळ, अंड्याचा बलक, आणि परवडेल तेव्हा बांगडा किंवा तारली. बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब देण्याचा सल्ला भारतीय बालरोगतज्ज्ञ देतात. कारण बाळाला दुपारच्या उन्हात बसवणे योग्य नाही. मोठ्यांनी साठ हजार युनिटची पुडी शेजारणीच्या सांगण्यावरून महिनोन्‌महिने घेऊ नये. जास्त झालेले 'ड' जीवनसत्त्व मूत्रपिंडांना त्रास देते.

तर मग सकाळचे कोवळे ऊन फुकट का? नाही. त्याचे काम डोळ्यातून होते. डोळ्याच्या पडद्यावर पाहण्याच्या पेशींखेरीज काही वेगळ्या पेशी असतात. त्या सकाळचा उजेड ओळखून मेंदूतल्या घड्याळाला 'दिवस उगवला' असे कळवतात. शरीराच्या या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. फजरनंतर पुन्हा अंथरुणात न शिरता थोडे मोकळ्या उजेडात चालणाऱ्याला रात्री झोप वेळेवर येते, आणि रात्री उशिरापर्यंत डोळ्यांसमोर मोबाइल धरणाऱ्याचे घड्याळ बिघडते, ते याच पेशींमुळे. एकाच सूर्याचे सकाळचे ऊन डोळ्यांसाठी आणि दुपारचे हाडांसाठी.

कोड : जुनी विद्या, नवा दिवा

कोडाचा पांढरा डाग कातडीवर कमी आणि मनावर जास्त उठतो. मुलीचे स्थळ मोडते, शेजारी पेला वेगळा ठेवतात. आधी हे स्पष्ट सांगायला हवे की कोड संसर्गजन्य नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून रंग बनवणाऱ्या पेशींवरच हल्ला करते आणि तेवढी जागा पांढरी पडते.

यावर वनस्पती आणि ऊन यांचा जोड उपचार फार जुना आहे. आपल्याकडे बावचीच्या बिया. उत्तर आफ्रिका आणि इजिप्तमध्ये 'आतरीलाल' नावाच्या वनस्पतीच्या बिया. तेराव्या शतकात अंदालुसचे हकीम इब्न अल-बैतार यांनी औषधी वनस्पतींच्या आपल्या ग्रंथात आतरीलालची पूड मधातून देऊन रुग्णाला उन्हात बसवण्याची पद्धत नोंदवली. सात शतकांनी, १९४० च्या दशकात, कैरोमध्ये याच वनस्पतीतून सोरॅलेन जातीचे द्रव्य वेगळे काढले गेले आणि डॉ. अब्दुल मोनेम अल-मुफ्ती यांनी ते कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिले. आजच्या अतिनील उपचारांचा पाया तिथे घातला गेला. आपल्याकडे हैदराबादची युनानी त्वचारोग संशोधन संस्था कोडाच्या उपचारासाठी ओळखली जाते.

सोरॅलेन हे द्रव्य पेशींना प्रकाशासाठी हळवे करते. म्हणूनच बावचीचे तेल लावून अंदाजाने उन्हात बसणे धोक्याचे आहे. पाच मिनिटे जास्त झाली तरी कातडी भाजते, फोड येतात, आणि भाजलेल्या जागी कधी कधी नवा डाग उठतो. तेल तेच, ऊन तेच, मात्रा चुकली.

आता बहुतेक ठिकाणी सोरॅलेनशिवाय, सुमारे ३११ नॅनोमीटरच्या अतिनील 'बी' प्रकाशाच्या यंत्राने उपचार करतात. हा प्रकाश हल्ला करणाऱ्या पेशींना शांत करतो आणि केसांच्या मुळाशी दडलेल्या रंगपेशींना जागे करतो. म्हणून रंग परत येतो तो आधी केसांच्या मुळांभोवती, तिळाएवढ्या ठिपक्यांनी. आठवड्यातून दोन-तीन वेळा, काही महिने जावे लागते. चेहरा आणि मानेवर गुण चांगला येतो, बोटांची टोके आणि ओठ हट्टी असतात. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून सोडून देणारे बरेच जण, आणि तिथेच नुकसान होते. मोठ्या शासकीय रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात चौकशी करावी.

लाल प्रकाश : खरे किती, बाजार किती?

हल्ली लाल दिव्याचे पट्टे, टोप्या आणि टॉर्च यांची जाहिरात मोबाइलवर सारखी येते. गुडघे, केस, साखर, लकवा, सगळ्यावर एकच दिवा. यात खरे काय?

१९६७ च्या सुमारास बुडापेस्टच्या डॉ. एंद्रे मेस्टर यांनी उंदरांच्या कातडीवर सौम्य लाल लेसर टाकला. अपाय झाला नाहीच, उलट तिथले केस लवकर उगवले. पुढच्या संशोधनातून असे मानले जाते की, पेशीला ताकद पुरवणाऱ्या सूत्रकणिकेतले एक विकर लाल आणि त्यापुढचा न दिसणारा प्रकाश शोषते. त्यामुळे पेशीला ऊर्जा मिळते आणि सूज ओसरते. इथेही मात्रेचा नियम कडक आहे. थोडा प्रकाश पेशीला चालना देतो, फार झाला तर तीच पेशी मंदावते.

याचा सर्वांत भक्कम पुरावा एका दुखऱ्या जागी आहे. तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी तोंडाचा कर्करोग झालेल्या रुग्णाला किरणोपचार देतात तेव्हा तोंड आतून सोलून निघते. पाण्याचा घोटही जात नाही, आणि कित्येकदा उपचार मध्येच थांबवावा लागतो. उपचाराच्या आधी रोज सौम्य लाल लेसर दिला तर हे फोड कमी येतात आणि वेदना कमी होतात. मणिपालच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोनशेहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात हे दिसले. आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही त्याचा समावेश आहे. घरात असा रुग्ण असेल तर किरणोपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारावे, "तोंडासाठी लेसरची सोय आहे का?"

गुडघेदुखीत काही अभ्यासांत फायदा दिसतो, काहींत नाही. मधुमेह मात्र लाल दिव्याने बरा होत नाही. कुणी तसे सांगून गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करायला लावत असेल तर तो दिवा नव्हे, अंधार आहे.

मधुमेह्याला प्रकाशाचा खरा उपयोग होतो तो डोळ्यांच्या दवाखान्यात, आणि तिथे प्रकाश सुरीसारखा वापरतात. जर्मनीचे डॉ. मायर-श्विकेराथ यांनी १९४५ च्या ग्रहणात सूर्याकडे पाहून डोळ्याचा पडदा भाजलेले रुग्ण पाहिले. त्यांनी विचार केला, हे भाजणे ताब्यात ठेवता आले तर फाटलेला पडदा डागून जोडता येईल. सुरुवातीला त्यांनी छतावरून ऊनच आत वळवून घेतले. पुढे दिवे आले, मग लेसर. आज मधुमेहाने बिघडलेल्या डोळ्यात लेसरचे बारीक डाग देऊन नव्या, गळक्या रक्तवाहिन्या रोखतात. गेलेली नजर त्याने परत येत नाही, उरलेली वाचते. म्हणून दिसते आहे तोवरच वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा.

प्रकाश मोजून घ्यावा

रॉचफर्डच्या परिचारिकेने जे पाहिले, ते आपल्या दादी-नानींनीही आपल्या पद्धतीने पाहिले असणार. त्यांनी उन्हाचा गुण ओळखला होता. त्याचे माप त्यांच्याकडे नव्हते, ते आता आपल्याकडे आहे. दादीचा शब्द खाली पडू द्यायचा नसेल तर बाळाला सकाळी उजेडात जरूर धरावे, पण धरल्यावर नीट पाहावे. पिवळेपणा छातीच्या खाली उतरलेला वाटला, तर बाळाला दुपट्यात घेऊन दादीलाच सोबत घ्यावे आणि त्याच सकाळी दवाखाना गाठावा.